पाचवी कोयती

आमच्या मालकांचं नाव मी उखाण्यात सोडलं तर कवा घेतलं न्हाय. पण ही गोष्ट त्यांची हाय, आन् ‘हे’ ‘ते’ म्हणत सांगायला लागले तर तुमी मधीच विचारणार, हे म्हंजे कोण? म्हणून एकदाच घेते. भरमू. बेळगावापासनं खानापूर रस्त्याला आमचं देसूर, तिथले भरमू. रोज सकाळी सायकल मारत उद्यमबागेतल्या कारखान्यात जायचे, सांजचं परत यायचे. बोलणं एवढं कमी की आमच्या सासूबाई जित्या असताना म्हणायच्या, ह्याच्या तोंडातनं शबूद काढण्यापरास हिरीतनं बादली काढणं सोपं. आन् मी, मनुबाई, अगदी उलट. माझ्या तोंडाला कडी न्हाय. गावात म्हणायचे, भरमूच्या घरात गजराचं घड्याळ आन् बायको दोन्ही वाजत असत्यात, मालक तेवढा गप.

तरी बी जी एक गोष्ट सांगायला पायजे हुती, ती ह्याच तोंडानं आठ वर्षं सांगितली न्हाय.

कारखान्यात त्यांचं काम भट्टीवर. लोखंडाचे तुकडे लालभडक तापवायचे, तेलात बुडवायचे, मग परत मंद विस्तवावर शेकायचे. ह्याला पाणी देणं म्हणत्यात. पाणी कुठंच नसतंय, तेल असतंय, पण नाव पाण्याचं. मी एकदा विचारलं, “दोनदा कशाला तापवताय? एकदाच नीट तापवा की.” तर म्हणाले, “पहिल्या तावानं लोखंड कडक हुतंय. काचेगत. काच कापती, पण आपटली की फुटती. दुसऱ्या मंद तावानं त्याचा राग उतरवायचा. मग ते धार बी धरतंय आन् मोडत बी न्हाय.” आन् माझ्याकडं बघून म्हणाले, “तुला दुसरा ताव द्यायचा राहिलाय.” असं हुतं त्यांचं. महिन्यातनं एकदा बोलणार, आन् ते बी असं.

चौऱ्याहत्तर साली त्यांच्या डोक्यात घरच्या भट्टीचं खूळ शिरलं. आमच्याकडं भाताचा मुलूख. कापणी आली की ईळं, कोयती, खुरपी सगळी शामू लोहाराकडं. शामू चांगला माणूस, पण त्याचं काम अंदाजपंचे. एक ईळा दोन दिसांत बोथट व्हायचा, दुसऱ्याची धार टवका उडून जायची. शामू म्हणायचा, धार देवाच्या हातात. आमचे मालक म्हणायचे, “देवाला मधी कशाला घालतोस? ताव तुझ्या हातात न्हाय एवढंच.” शामू चिडून म्हणायचा, “कुणब्यानं नांगर धरावा. मला शिकवू नगंस.” मग ह्यांनी ठरवलं, करूनच दावायचं.

कारखान्यातली भट्टी विजेवरची, खोलीएवढी. तसली घरात कोण आणणार? ह्यांनी भंगारातनं तेलाचं अर्धं पिंप आणलं. कारखान्यात जुन्या भट्टीच्या फुटक्या विटा टाकून द्यायचे, त्या फोरमनला विचारून पिशवीतनं थोड्या थोड्या आणल्या. पुजेच्या नारळागत एकेक वीट पिशवीतनं जपून बाहेर काढायचे. चिखलात भाताचं तूस मिसळलं, आन् त्या चिखलानं पिंपाच्या आत विटा लिंपल्या. तुसामुळं ऊब आतच राहती, बाहेर फुकट जात न्हाय, म्हणाले. जुन्या सायकलचं चाक उलटं बांधून त्याच्यावर पट्टा, पट्ट्यावर पंखा. पायडल हातानं फिरवलं की वारा भट्टीत. आन् काठीला बांधलेलं एक लोहचुंबक, मोडक्या डायनामोतलं. पातं तापून लाल झालं की चुंबक लावून बघायचे. चुंबक धरायचं बंद झालं की ताव पुरा, मग तेलात बुडवायचं. शामूनं पहिल्यांदा ते बघितलं तवा कमरेवर हात ठेवून उभाच राहिला. मग म्हणाला, “भरमाण्णा, परत एकदा दाव.” त्या दिवशी मला लई गुदगुल्या झाल्या. तसं मी त्यांना सांगितलं न्हाय. सांगितलं ते एवढंच, की परसात आता मिरच्या वाळत घालायला जागा उरली न्हाय.

पहिल्या दोन भट्ट्यांचा चिखल तडकला. तिसरी टिकली.

हे झालं पहिल्या तावाचं. दुसऱ्या, मंद तावाची सोय तर माझ्या चुलीवरच. बिस्किटाचा मोठा चौकोनी डबा, त्यात नदीची चाळलेली वाळू. पातं घासून पांढरं करायचं, गरम वाळूत पुरायचं आन् बघत बसायचं. पांढऱ्या पात्यावर हळूहळू रंग चढतो, भाताच्या पिंजारासारखा, म्हंजे वाळल्या पेंढ्यागत पिवळा. तो दिसला की पातं बाहेर. त्याच्या पुढं गेलं की जांभळं हुतंय, मग मऊ. तो पिवळा म्हंजे पातं तयार झाल्याची खूण. माझ्या चुलीवर डबा बसला की मी ओरडायची, “ही चूल हाय का उद्यमबाग?” ते वाळू चाळत बसायचे. डब्यात चारच कोयत्या मावायच्या.

हळूहळू बातमी पसरली. नंदगडचे मारुतीराव म्हणून एक जण एसटीनं आले, पोराच्या वहीच्या पाठीमागल्या पानावर भट्टीचं चित्र काढून घेऊन गेले. चिकोडीकडनं दोघं आले. ह्यांनी कुणाला न्हाय म्हणलं न्हाय. “ह्यात माझं काय हाय? माती तुमची, भंगार तुमचं,” म्हणायचे. भट्टीजवळ बसलेले असले की ते बोलायचे सुद्धा. मला वाटायचं, लग्नाला बारा वर्षं झाली, ह्या माणसाकडं एवढे शबूद हुते कुठं?

आता तानीबाईचं सांगते. तानी म्हंजे ह्यांची धाकटी बहीण, माझी नणंद. निपाणीला दिली हुती. नवरा सत्याप्पा तंबाखूच्या वखारीत, तानी घरात बसून बिड्या वळायची. हात असा चालायचा की बघणाऱ्याला पान कवा कापलं आन् बिडी कवा झाली ते कळायचं न्हाय. भावावर लई जीव. आन् माझं तिचं? खोटं कशाला बोलू. नणंद-भावजयीचं जसं असतंय तसं. ती आली की माझ्या आमटीत मीठ बघायची, आन् मी तिच्या जाण्याची एसटी बघायची.

सत्त्याहत्तरच्या दसऱ्याला ती आली, चांगली आठ दिस आधी. आल्या दिवसापासनं एकच. “आण्णा, मला एक कोयती दे. तुझ्या हातची. आमच्याकडली कोयती नारळावर आपटली तर नारळ हसतो.” ह्यांनी पाच कोयत्या करायला घेतल्या, एक तिला आन् बाकीच्या गावात.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पाचींचा पहिला ताव झाला. पाची घासून पांढऱ्या केल्या. चार डब्यात पुरल्या, पिवळा आला, काढल्या. पाचवी डब्यात घालणार तेवढ्यात मी आत आले. पुरणाची डाळ भिजलेली, सणाचं सगळं पडलेलं, आन् चुलीवर वाळूचा डबा! मी डबा फडक्यानं धरून बाहेरच ठेवला. “सण तुमच्या कोयतीचा हाय का देवाचा? चूल सोडा!”

त्यांनी पाचवी कोयती चुलीवरच्या फळीवर ठेवली आन् मला म्हणाले, “ह्या चार झाल्यात. ही न्हाय झाली. ही काच हाय. हिला हात लावू नको. सण झाला की ताव देतो.” खंडेनवमीला अवजारांची पूजा झाली की दसऱ्यापर्यंत आमच्यात अवजार विस्तवात घालत न्हाईत. म्हंजे दोन दिस ती तशीच राहणार. मी म्हणलं, “व्हय, व्हय.”

खंडेनवमीला त्यांच्या कारखान्यात मोठी पूजा असती, ते तिकडं गेले. घरची पूजा मी मांडली. नांगराचा फाळ, खुरपी, ईळं, माझी विळी, शिवायची कात्री, आन् पुढं त्या नव्या कोयत्या. चार. मांडल्या आन् परत मोजल्या. आमच्यात चांगल्याला पाच. दिवे पाच, सवाष्णी पाच, ओटीत सुपारी पाच. चार असत्यात ते खांदेकरी. देवापुढं नव्या कोयत्या चार मांडायच्या? मला सासूबाईंचं तोंड दिसाय लागलं. मी फळीवरनं पाचवी काढली आन् मधी ठेवली. दोन दिसांचा तर प्रश्न, परत फळीवर ठेवून देईन, असं मनात म्हणलं.

मग सगळ्या अवजारांना तेल लावलं आन् तेलावर हळद. जाड, दोन्ही अंगांनी, आमच्या रितीनं. वर कुंकवाची बोटं, झेंडूची फुलं. पाची कोयत्या पिवळ्याधमक. तवा मला भान न्हवतं.  पाचवी ओळखायची एकच खूण हुती, तिच्यावर पिवळा चढलेला न्हवता. आन् मी माझ्या हातानं तिला पिवळी केली.

सांजचं ते आले, पाया पडले. फुलांच्या ढिगात कोण कोयत्या मोजतंय?

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी त्यांची पहिली पाळी. सायकल काढताना म्हणाले, “तानीला आजचा दिस ठेवून घे. सांजचं मी कोयती बघून देतो.” आन् गेले. पण तानीची वळकटी बांधून तयार. “बिड्या द्यायच्या हायत वैनी. साडेआठची एसटी चुकली तर माझं काम बुडतंय. कोयती तेवढी दे.” खरं सांगू? मी तिला थांब म्हणायला पायजे हुतं. त्यांनी सांगितलं हुतं थांबव म्हणून. पण थांबली असती तर अजून एक दिस, अजून दोन जेवणं, अजून एकदा मिठाची चर्चा. मी म्हणलं, “देते की. जा सुखानं.”

मी पुजेपाशी बसले. पाची समोर. आन् तवा मला आठवलं. हो, आठवलं. विसरले हुते असं म्हणून सुटायचं ठरवलं तर सुटता येईल, पण मला आठवलं हुतं. पाचातली एक काच हाय. कुठली? मधली? फुलं काढताना सरकल्या हुत्या. राखेनं हळद पुसून उजेडात धरली असती तर कळलं असतं. तेवढं करायला किती वेळ लागतो? तानी दारातनं हाका मारत हुती, “वैनी, एसटी!” मी मनात म्हणलं, चार चांगल्या हायत, एक वाईट. चांगलीच येईल हातात. आन् एक उचलली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधली आन् तिच्या पिशवीत घातली. जाताना ती माझ्या पाया पडली. मी म्हणलं, “पुढल्या वर्षी लवकर ये.” तोंडदेखलं.

ती गेली. मी घरात आले ती सरळ पुजेकडं. उरलेल्या चार घेतल्या, राखेनं पुसल्या, दारात उजेडाला धरल्या. पहिली पिवळी. दुसरी पिवळी. तिसरी पिवळी. चौथी धरली. ती बी पिवळी. भाताच्या पिंजारासारखी, स्वच्छ.

 काच निपाणीला निघाली हुती.

आता तुमी म्हणाल, धावायचं हुतंस. तानी अजून फाट्यावर असणार. ती एसटी गेली असती तर बेळगावच्या स्टँडावर गाठली असती. कारखान्यात निरोप पाठवायचा हुतास. न्हायतर एक कार्ड टाकायचं हुतं. सगळं खरं. पण त्यांना काय सांगायचं? तुमी हात लावू नको म्हणला ती मी पुजेत मांडली, तुमी थांबव म्हणला तिला मी घालवली, तुमी बघून देतो म्हणला ती मी न बघता दिली? ते ओरडले असते तर परवडलं असतं. ते ओरडत न्हाईत. ते गप बसत्यात. त्या गप बसण्याला मी भ्याले. आन् मनाला म्हणलं, नारळ तर फोडायचा हाय तिला. काय हुतंय?

मग मी जे केलं ते चुकीनं केलेलं न्हवं. ते समजून केलं. चारातली एक घेतली, विटेचा तुकडा घेतला आन् घासघास घासली. तिच्यावरचा पिवळा पार घालवला. पांढरी केली आन् नेऊन फळीवर ठेवली, जिथं पाचवी हुती तिथं.

सांजचं ते आले. “तानी गेली व्हय?” एवढंच. फळीवरची कोयती घेतली, वाळूच्या डब्यात पुरली, शेजारी बसून पिवळा यायची वाट बघत राहिले. झालेल्या कोयतीला परत ताव. मी पलीकडं भाकरी थापत हुते. भाकरी दोनदा फाटली.

दिवाळीच्या आधी तीन दिस सत्याप्पा आला. दारातच उभा राहिला, पाणी बी घेतलं न्हाय. तानी करंज्यांसाठी नारळ फोडत हुती. कोयती करवंटीवर पडली आन् धारेचा नखाएवढा टवका उडाला, तो तिच्या उजव्या डोळ्यात. कोल्हापूरला नेलं. डोळा गेला.

ह्यांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, “कोयती कुठाय?” सत्याप्पा म्हणाला, “वढ्यात फेकली. घरात कशाला ठेवायची असली अवदसा?” मी चौकटीला धरून उभी. तोंड उघडलं बी. पण सत्याप्पाच पुढं बोलला, “भरमाण्णा, तानीनं सांगितलंय. ह्या भाऊबीजेला येऊ नगा. परत बी येऊ नगा. म्हणाली, आण्णाला मी माझ्यासाठी चांगली कोयती कर म्हणलं हुतं. आण्णानं डोळा काढला.” आन् माझं उघडलेलं तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. ते परसात गेले, पहार घेतली आन् भट्टी फोडली. विटा सगळ्या. तुसाचा चिखल दगडागत झालेला, त्याला तासभर लागला. मी म्हणलं, “अवो, भट्टीचा काय दोष?” म्हणाले, “दोष तिचाच. पिवळा दिसला मला, आन् आत ताव पोचलाच न्हाय. खोटी हाय ती. उद्या अजून कुणाचा डोळा जाईल.” आन् मग नंदगडला, चिकोडीला, जिथं जिथं चित्र गेलं हुतं तिथं तिथं कार्डं लिहिली. माझी भट्टी खोटी हाय. मोडून टाका. सगळी कार्डं मीच नेऊन पेटीत टाकली. जे एक कार्ड मी टाकायचं हुतं ते टाकलं न्हाय, आन् ही सगळी टाकली. बघा माझी करणी.

भट्टी मोडली, पण डबा ठेवला त्यांनी. पुढं आठ वर्षं, रविवार आला की शामूच्या भट्टीवर एक पातं लाल करून आणायचे, वाळूत शेकायचे, दगडावर ठेवून हातोड्यानं मारायचे. कुठं चुकलं ते बघायला. एक बी मोडायचं न्हाय. मोडलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, चूक सापडली असती. पातं वाकायचं, सरळ व्हायचं, न्हायतर हातोडाच उसळायचा, आन् ते दगडाकडं बघत बसायचे. परत दुसरं पातं. परसातनं ते ठण्‌ ठण्‌ ऐकू आलं की माझ्या हातातलं काम जागच्या जागी थांबायचं. गावात म्हणाय लागले, भरमूचं डोकं फिरलंय. मला कुणी म्हणलं तर मी भांडायची. मी! मला लाज बी न्हवती.

दर भाऊबीजेला ते अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून ओट्यावर बसायचे. जायचं कुठं नसायचं. एसटी जायची फाट्यावरनं, ती बघायचे. मग उठून टोपी काढून खुंटीला लावायचे. तिकडनं निपाणीची माणसं भेटली की कळायचं, तानीचं बिडीचं काम निम्म्यावर आलंय. पान तिरकं कापलं जातंय, तपासणीला रोज बिड्या छाट म्हणून बाद निघतायत. मी ऐकायची आन् म्हणायची, “अरेरे.”

पंच्याऐंशीच्या दिवाळीआधी नंदगडचे मारुतीराव आले. केस पिकलेले, पण चालणं तेच तरतरीत. पिशवीतनं सहा कोयत्या काढून ओट्यावर मांडल्या. “भरमाण्णा, रागावू नकोस. तुझं कार्ड आलं हुतं, मोडून टाक म्हणून. मी न्हाय मोडली. घरात खाणारी तोंडं हुती. आठ वर्षं चालवतोय. ह्या हातानं शेकडो पाती काढली असतील. एक बी मोडलं न्हाय, आण्णा. तुझी भट्टी खरी हाय.”

मला वाटलं, आता ह्यांचं तोंड फुलंल. त्यांनी एकेक कोयती हातात घेतली, नखानं वाजवून बघितली. चेहरा असा पांढरा पडत गेला की मारुतीराव घाबरले. आमचे मालक म्हणाले, “मग भट्टी खोटी न्हवती.”

“न्हाय, आण्णा.”

“मग मीच खोटा. माझ्याच हातानं झालं. माझ्या बहिणीच्याच येळेला माझं लक्ष न्हवतं.”

आठ वर्षं त्यांनी भट्टीवर घातलं हुतं, ते आता उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतलं. मारुतीराव चहा न घेताच गेले. हे ओट्यावर आपल्या दोन हातांकडं बघत बसले. ते हात बघून माझ्यानं राहवलं न्हाय. मी समोर जाऊन बसले आन् सांगितलं. पुजेतल्या चार कोयत्या, फळीवरची पाचवी, हळद, एसटी, विटेनं घासलेली कोयती. सगळं, एका दमात, मधी रडले बी न्हाय. रडायचा हक्क मला न्हवता.

त्यांनी विचारलं. “पाच व्हाव्यात म्हणून?”

“व्हय.”

मग म्हणाले, “चार चालल्या नसत्या व्हय गं देवाला?”

मला त्यांनी शिवी दिली असती, हात उगारला असता, माहेरी हाकललं असतं, तर ते फेडता तरी आलं असतं. हा एक प्रश्न कसा फेडायचा? मग चार दिस ते बोलले न्हायत. पाचव्या दिवशी सकाळी म्हणाले, “भाऊबीजेला निपाणीला जायचं. मी कायबी बोलणार न्हाय. तू सांगायचं.”

आमी गेलो. तानी दारात सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत हुती. मान डाव्या अंगाला वळवून, उरलेल्या डोळ्यानं सूप बघत. भावाला बघून हात थांबला. उठली न्हाय. मी चप्पल बी काढली न्हाय, तशीच उभ्यानं सगळं, हळदीसकट, सांगाय लागले, बसले असते तर सांगितलं नसतं म्हणून. ती ऐकत राहिली. हातातली बिडी पुरी वळली, दोरा बांधला, सुपात ठेवली.

“मला दिलीस तवा तुला ठावं हुतं?”

“पाचातली एक वाईट हाय, एवढं ठावं हुतं.”

“आन् मी गेल्यावर?”

“गेल्यावर पुरतं कळलं.”

ती माझ्याकडं त्या एका डोळ्यानं बघत राहिली. “दहा-बारा दिस हुतं गं वैनी मधी. एक कार्ड टाकायचंस.”

 मग ती उठली आन् भावासमोर गेली. “आण्णा, आठ वर्षं मी तुला…” एवढंच म्हणाली आन् दोघं बी दारातच लहान पोरांगत रडाय लागली. माझा नवरा रडताना मी पहिल्यांदा बघितला. त्या रडण्यात मला जागा न्हवती, मी भिंतीपाशी उभी राहिले. तानीनं पाट मांडला, ताट केलं, भावाला ओवाळलं. एका डोळ्यानं अंतर कळत न्हाय म्हणून निरांजन त्यांच्या टोपीला लागता लागता राहिलं, तर त्यांनी तिचा हात धरून ताट फिरवलं. मला बी जेवाय वाढलं. आमटी अळणी हुती. मी गपचूप खाल्ली.

निघताना तिनं करंडा आणला. सवाष्ण घरातनं जाताना आधी हळद, मग कुंकू, ही रीत. मी कपाळ पुढं केलं. तिचं बोट हळदीच्या वाटीवर गेलं आन् तिथंच थांबलं. मग तिनं कुंकवात बोट बुडवलं.

“कुंकू लावते वैनी. ते माझ्या आण्णाचं हाय. हळद न्हाय लावत.”

परसात आता परत भट्टी हाय. त्याच मापाची, तुसाच्या चिखलाची. त्यांनी सगळ्यांना परत कार्डं लिहिली, भट्टी खरी हाय म्हणून. चूक कुणाची ते लिहिलं न्हाय. मी म्हणलं लिहा, तरी लिहिलं न्हाय. खंडेनवमीला मी घरात असतील तेवढ्याच कोयत्या मांडते, तीन तर तीन, चार तर चार. आन् भाऊबीजेला आमी निपाणीला जातो. तानी भावाला ओवाळती, मला पोटभर वाढती, निघताना करंडा काढती. हळदीच्या वाटीवर झाकण तसंच असतंय. मी कपाळ पुढं करते, नुसतं कुंकू घेते आन् एसटीत जाऊन बसते.